टिंब कुठं गेलं?

रेडिओवरून चित्रांविषयी बोलायचं, ही तशी अडचणीचीच गोष्ट. मला इथून काही दाखवता येत नाही आणि तुम्हाला तिथं काही दिसत नाही. पण गंमत अशी, की संगणकाची अवस्थाही अगदी हीच असते. त्यालाही चित्र दिसत नाही. त्याला कुणीतरी एकामागून एक आकडे सांगतं आणि तो ते ऐकून घेतो. तेव्हा आजच्या विषयाला रेडिओच बरा, असं म्हणायला हरकत नाही.

मी व्यवसायानं प्रोग्रॅमर. पोटापाण्यासाठी विम्याच्या हप्त्यांचे हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहितो. चित्रांवर प्रक्रिया करणारे प्रोग्रॅम लिहिणं हा माझा रविवारचा उद्योग. जुनी पुस्तकं, पत्रं, दाखले स्कॅन करायचे आणि त्यांच्यावरचे डाग, सावल्या, पिवळेपणा काढून अक्षर स्वच्छ करायचं. हा निरुपद्रवी छंद एकदा माझ्या चांगलाच अंगाशी आला. त्याची हकिगत सांगायची तर आधी संगणकाला कागद कसा ‘ऐकू येतो’ ते सांगायला हवं.

शाळेतला आलेखाचा कागद आठवा. बारीक बारीक चौकोनांचा. आपल्या फोटोवर तसा एक कागद ठेवला आहे आणि प्रत्येक चौकोनाखाली किती उजेड आहे ते आपण एका आकड्यात लिहून काढतो आहोत, अशी कल्पना करा. गर्द काळ्याला ०, पांढऱ्याशुभ्राला २५५, आणि मधल्या करड्या छटांना मधले आकडे. एवढंच. संगणकातलं चित्र म्हणजे ही आकड्यांची यादी. चौकोनाला पिक्सेल म्हणतात. अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल किर्श यांनी १९५७ साली आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो अशा रीतीनं संगणकात घातला. चित्र पाच सेंटिमीटर लांब-रुंद, आणि चौकोन १७६ गुणिले १७६, म्हणजे ३०,९७६. त्यांच्या यंत्राला फक्त काळं आणि पांढरं एवढंच कळायचं. मग करड्या छटा मिळवण्यासाठी त्यांनी काळ्या-पांढऱ्याची सीमा दर वेळी थोडी सरकवून तोच फोटो पुन्हा पुन्हा वाचला. ही सीमा कुठं ठेवायची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे आणि माझ्या गोष्टीतही तोच आहे.

आता आमचा कागद. २०१९ सालच्या दिवाळीनंतर गावाहून चुलत भावाचा फोन आला. दादा म्हणाला, “अरे, तू ते कागद साफ करायचं काय काय करतोस ना? १९५६चं वाटणीपत्र आहे. वाचता येत नाही. वकिलांना टाईप करून द्यायचंय. दे जरा करून.”

आजोबा चार भाऊ. त्यांच्यातली ही वाटणी. बाळबोध लिपीत, टाकानं लिहिलेली. शाई तपकिरी झालेली, कागद त्याहून थोडासाच फिका. चार घड्या पडून घड्यांवर तुटलेला, आणि कुण्या हौशी माणसानं तुटलेल्या जागी सेलोटेप लावून ठेवलेली. जुन्या कागदाचं सेलोटेपइतकं नुकसान वाळवीनंही केलं नसेल, असं माझं मत आहे. टेप सुटून जाते, पण तिचा चिकट पिवळा पट्टा राहतो आणि त्याच्याखालची शाई पसरते.

मी गावी जाऊन कागद स्कॅन केला. एका इंचात ३०० चौकोन, या हिशेबानं ए-फोर आकाराच्या एका पानाचे साधारण ८७ लाख चौकोन होतात. म्हणजे ८७ लाख आकडे. त्यांतून शाई कुठली आणि कागद कुठला हे ठरवायचं.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे एक सीमा ठरवणं. १४० च्या खाली ती शाई, वर तो कागद. पण हे १४० आणायचं कुठून? १९७९ साली नोबुयुकी ओत्सू या जपानी संशोधकानं याची एक सुरेख रीत सांगितली. कुठला आकडा किती वेळा आला ते मोजायचं. लिहिलेल्या पानावर सहसा दोन टेकड्या दिसतात. डावीकडे शाईची लहान, उजवीकडे कागदाची मोठी. मग शून्यापासून २५५ पर्यंत प्रत्येक ठिकाणी सीमा ठेवून पाहायची आणि जिथं दोन्ही गटांतले सभासद आपापल्या गटात एकमेकांशी जास्तीत जास्त मिळतेजुळते निघतील, ती सीमा पक्की करायची. कुणी सांगावं लागत नाही, पानच आपली सीमा सांगतं.

आमच्या पानानं मात्र नीट सांगितली नाही. टेपचा पट्टा शाईच्या गटात गेला, आणि उन्हानं विटलेल्या कोपऱ्यातली शाई कागदाच्या गटात. अशा वेळी सबंध पानाला एकच सीमा लावून भागत नाही. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठातल्या सौवोला आणि पिएतिकायनेन या दोघांनी २००० साली प्रसिद्ध केलेली पद्धत मी वापरली. तिच्यात प्रत्येक चौकोनाची तुलना फक्त त्याच्या आसपासच्या चौकोनांशी होते. सावलीतल्याची सावलीतल्यांशी, उन्हातल्याची उन्हातल्यांशी. टेपखालचं अक्षर यामुळं वर आलं.

प्रोग्रॅम जावा या भाषेत होता. जावा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं बाहेर आणली. पुढं २०१०मध्ये ती कंपनीच ओरॅकलनं घेतली. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी संध्याकाळच्या क्लासला जाऊन जावा शिकली आणि त्यावर घरं चालवली, त्यामुळं तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही. पण चित्रांच्या बाबतीत तिनं मला पहिल्याच दिवशी एक धडा दिला. जावातला बाइट, म्हणजे आकडा ठेवायची सगळ्यात लहान डबी, शून्य ते २५५ मोजत नाही. ती उणे १२८ पासून अधिक १२७ पर्यंत मोजते. म्हणजे कागदाचा उजळ २०० त्या डबीत ठेवला की बाहेर येताना उणे ५६ होऊन येतो. आणि उणे ५६ हा १४० पेक्षा लहानच. त्यामुळं माझ्या प्रोग्रॅमनं कोरा कागदही शाई ठरवला आणि पान अख्खंच्या अख्खं डांबरासारखं काळं झालं. उपाय सोपा आहे. ऋण आकडा आला की त्यात २५६ मिळवायचे. पण हे कळेपर्यंत एक रविवार गेला. अशी चूक मला बरी वाटते, कारण ती लपत नाही. पान काळं झालं की शेंबड्या पोरालाही कळतं की काहीतरी बिघडलं. पुढची चूक तशी नव्हती.

जावा ही ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषा आहे, म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. या विचाराचं मूळ ओस्लोचं. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार यांनी १९६०च्या दशकात सिम्युला नावाची भाषा तयार केली, तिथपासून हे सुरू झालं. शिकवणीत सगळे साच्याचं उदाहरण देतात. पेणच्या कारखान्यात एका साच्यातून शंभर गणपती निघतात. साचा म्हणजे क्लास, मूर्ती म्हणजे ऑब्जेक्ट. हे अर्धंच खरं आहे. मूर्ती साच्यातून निघाली की गप्प बसून राहते. ऑब्जेक्टला मात्र काम सांगता येतं. मला बँकेची खिडकी जास्त पटते. आपण खिडकीतून चिठ्ठी देतो, आतला माणूस आपल्या कपाटातून वही काढून बघतो आणि उत्तर देतो. आपण त्याच्या कपाटात हात घालत नाही. आपली माहिती आपल्याजवळ ठेवणारा आणि विचारलं तरच उत्तर देणारा असा एकेक कारकून म्हणजे ऑब्जेक्ट. प्रोग्रॅम म्हणजे त्यांचं कार्यालय.

माझ्या प्रोग्रॅममध्ये ‘गाळणी’ नावाचा एक करार होता. जावात नावं देवनागरीतही देता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ऑफिसातले सहकारी यावरून हसले, हसोत. करार असा, की प्रत्येक गाळणीनं एक चित्र घ्यायचं आणि एक चित्र परत द्यायचं. आत काय करायचं ते तिचं ती बघेल. एक गाळणी तिरकं पान सरळ करणारी, एक शाई-कागद वेगळे करणारी, एक कचरा काढणारी. घरी धान्य करताना चाळणं, पाखडणं, निवडणं अशी ओळीनं कामं होतात, तसंच. चाळण बदलली म्हणून सूप बदलावं लागत नाही, ही या मांडणीतली सोय.

कचरा काढणारी गाळणी कशी चालायची ते जरा सविस्तर सांगतो, कारण गुन्हेगार तीच. शाई-कागद वेगळे झाल्यावर पानभर बारीक काळे ठिपके उरतात. धुळीचे, बुरशीचे, कागदाच्या धाग्यांचे. ते ओळखायचे कसे? एक काळा चौकोन घ्यायचा, त्याला चिकटून असलेले काळे चौकोन शोधायचे, मग त्यांना चिकटलेले. अशी सगळी भावकी गोळा करायची आणि डोकी मोजायची. शिरोरेषेमुळं देवनागरीत एकेक शब्द मिळून एकच मोठी भावकी होते, काही हजार चौकोनांची. धुळीचा कण पाच-दहा चौकोनांचा. तेव्हा मी नियम केला, की तीसपेक्षा कमी चौकोनांची भावकी दिसली की पुसून टाकायची. हा नियम मी काढला नाही. जगभरचे असे प्रोग्रॅम या ना त्या आकड्यानं हेच करतात.

पान लख्ख निघालं. दादा खूश झाला. पुतणीनं दोन रात्री बसून छापील प्रतीवरून ते टाईप केलं. मूळ कागद हाताळून चुरा होत होता, म्हणून तो पुन्हा ट्रंकेत गेला. आणि मी, हे सांगताना आजही ओशाळायला होतं, मी माझ्याकडची करड्या छटांची मूळ स्कॅन फाईल काढून टाकली. स्वच्छ प्रत आहे ना, मग जागा कशाला अडवायची, ही ऑफिसातली सवय.

टाईप केलेला मजकूर वकिलांकडे जाण्याआधी दादानं तो आत्याला वाचून दाखवला. आत्या आमची प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. तिनं एका वाक्यापाशी थांबवलं. “हे पुन्हा वाच.” दादानं वाचलं, “विहिरीवर धाकट्या भावाचा हक्क राहील.” आत्या म्हणाली, “भावाचा नाही, भावांचा. आमचे आप्पा आणि धाकटे काका, दोघांचा. टिंब कुठं गेलं?”

दादानं स्वच्छ केलेली प्रत बघितली. टिंब नव्हतं. आत्यानं ट्रंक उघडायला लावली. मूळ कागदावर, उजेडात धरल्यावर, ‘भावांचा’वर टिंब होतं. टाकाच्या टोकानं टेकवलेलं, अर्ध्या मिलिमीटरचं.

संध्याकाळी दादाचा फोन आला तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन गणित केलं. एका मिलिमीटरला बारा चौकोन, अर्ध्याला सहा. सहा चौकोन रुंदीच्या गोल ठिपक्यात अठ्ठावीस चौकोन बसतात. माझी सीमा तीस. म्हणजे त्या वाटणीपत्रातलं जवळजवळ प्रत्येक टिंब माझ्या प्रोग्रॅमनं धूळ म्हणून झाडून टाकलं होतं. आत्याचे आप्पा म्हणजे माझे आजोबा, चार भावांतले तिसरे. विहिरीवरचा स्वतःच्या आजोबांचा हक्क मी स्वतःच्या हातानं पुसला होता.

आता प्रश्न असा, की पानभर टिंबं गेली तरी टाईप करणाऱ्या मुलीला शंका कशी आली नाही? याचं उत्तर मला तांत्रिक भागापेक्षाही जास्त विचार करायला लावणारं वाटतं. १९५६च्या लेखनात ‘तें’, ‘केलें’, ‘घरांत’ असे अनुस्वार पदोपदी असत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार राहिला. भावांचा, मुलांना, शेतांवर. माझ्या प्रोग्रॅमनं दोन्ही प्रकार सरसकट उडवले. ‘तें’चं ‘ते’ झालं, ‘केलें’चं ‘केले’ झालं, आणि पुतणीला वाटलं की मजकूर किती नीट आहे, अगदी शाळेत शिकवतात तसा! ‘भावांचा’चा ‘भावाचा’ झाला तोही व्याकरणदृष्ट्या निर्दोष. वाक्यातलं क्रियापद हक्काशी जुळतं, भावाशी नाही. म्हणजे भाऊ एक असो की दोन, बाकी वाक्यात कानाही हलत नाही.

इंग्रजी अक्षरांवर असलं काही घडत नाही का? आयच्या डोक्यावर टिंब असतं, तेही उडू शकतं. पण टिंब उडालेला आय वाचता येतो. लिपी रोमन धरून लिहिलेल्या नियमात ठिपका गेला तर फार मोठं काही जात नाही. आपल्याकडे ठिपका हे अक्षराचं अंग आहे. ते गेलं तर दोन भावांचा एक भाऊ होतो.

मोठमोठ्या कंपन्यांचीही अशी फजिती झालेली आहे. आपण ज्या कंपनीच्या नावाचं सामान्यनाम करून टाकलं, त्या झेरॉक्सच्या काही कार्यालयीन यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांत आकडेच बदलतात, हे डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानं २०१३च्या ऑगस्टमध्ये जगाला दाखवलं. घराच्या एका नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅन केलेल्या प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३ च्या झाल्या. कारण असं, की फाईल लहान करण्यासाठी ते यंत्र पानावरचे सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवायचं आणि बाकीच्या ठिकाणी त्याचाच शिक्का मारायचं. दोन तुकडे ‘पुरेसे सारखे’ आहेत की नाहीत हे ठरवताना त्याची चूक व्हायची. आणि प्रत अंधूक नाही, फाटकी नाही, अगदी ठळक आणि सुबक. कंपनीला पुढं त्यासाठी सॉफ्टवेअरची दुरुस्ती काढावी लागली. डाग पडलेल्या प्रतीवर आपण विश्वास ठेवत नाही, सुबक प्रतीवर ठेवतो. म्हणून सुबक प्रतीतली चूक जास्त महागात पडते.

असो. दुरुस्ती कशी केली ते सांगतो. पहिली गोष्ट, ‘मूळचित्र’ नावाचा एक क्लास लिहिला. त्याच्या खिडकीतून नक्कल मिळते, पण त्याच्यात काही बदलायचं दारच ठेवलं नाही. माझ्या हातून चुकूनसुद्धा ते बदलणार नाही, कारण तशी चिठ्ठी घेणारा कारकूनच आत नाही. स्वच्छ प्रतीबरोबर मूळ नेहमी साठवलं जातं. आमच्या वाटणीपत्राचं मूळ मला गावी जाऊन पुन्हा स्कॅन करावं लागलं. मधल्या महिन्यात एका घडीवरचे दोन-तीन शब्द झडून गेले होते. सुदैवानं ते चतुःसीमेतले होते आणि शेजारच्या शेताच्या कागदावरून लावता आले.

दुसरी गोष्ट, ठिपक्याबद्दलची. आधी माझ्या प्रोग्रॅममध्ये ठिपका म्हणजे नुसता एक आकडा होता, डोकी किती एवढंच. आता ‘ठिपका’ हा स्वतंत्र ऑब्जेक्ट झाला. त्याला आपली डोकी माहीत असतात, आपण पानावर कुठं आहोत ते माहीत असतं, आपला आकार गोल आहे की वेडावाकडा तेही माहीत असतं. त्याला विचारता येतं, “तू शिरोरेषेच्या वर आहेस का? तुझ्या खाली अक्षर आहे का?” शिरोरेषा शोधणं देवनागरीत त्या मानानं सोपं. पानाच्या प्रत्येक आडव्या ओळीतले काळे चौकोन मोजत गेलं, की शिरोरेषेच्या ठिकाणी आकडा एकदम उंच उडी मारतो. हाताच्या लिखाणात ती रेषा चढ-उतार करते, म्हणून मी ती शब्दागणिक शोधतो. तिच्या लगेच वर, अक्षराच्या रुंदीत बसणारा गोलसर ठिपका हा बहुधा अनुस्वार.

बहुधा म्हणालो, कारण धुळीचा कणही नेमका तिथं बसू शकतो. ‘भावाचा’वर कण बसला आणि प्रोग्रॅमनं त्याला टिंब मानलं, तर एका भावाचे दोन होतील. हाही अन्यायच. तेव्हा पूर्वी माझ्याकडे शाई आणि कचरा अशी दोनच उत्तरं होती, तिथं मी ‘विचारा’ हे तिसरं घातलं. शंकास्पद ठिपके पडद्यावर लाल दिसतात आणि माणसानं मूळचित्र मोठं करून प्रत्येकाबद्दल ठरवायचं. शेकडो कणांपैकी एका पानावर असे पन्नास-साठ उरतात. अर्ध्या तासाचं काम. मघाच्या भाषेत सांगायचं, तर चाळणीवर सोडलेलं काम परत निवडण्यावर आणलं. ही सगळी अदलाबदल एका गाळणीच्या आत झाली. पान सरळ करणाऱ्या गाळणीला त्याचा पत्ताही लागला नाही. जुना प्रोग्रॅम सलग सहाशे ओळींचा असता, तर टिंबं वाचवताना मी आणखी काय काय मोडलं असतं, देव जाणे.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे तपासणी. जावात जे-युनिट नावाचं एक साधन आहे. केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून त्याची सुरुवात केली, असं सांगतात. प्रोग्रॅमकडून काय अपेक्षा आहे ते एकदा लिहून ठेवायचं. मग प्रोग्रॅममध्ये काहीही बदल केला, की हे साधन सगळ्या अपेक्षा तपासून पाहतं. सगळं ठीक असेल तर हिरवी पट्टी, एकही चुकली तर लाल. मी मूळ स्कॅनमधून ‘भावांचा’ एवढाच शब्द कापून घेतला आणि अपेक्षा लिहिली, की या शब्दावर टिंब राहिलं पाहिजे. त्या फाईलचं नाव ‘आत्या-१’.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं प्रोग्रॅम लिहितो? पण आज फोनवर कागदाचा फोटो काढणारी ॲप असतात. फोटो काढला की कागद आपोआप पांढराशुभ्र होतो आणि अक्षर काळंभोर. आत अशाच गाळण्या बसलेल्या असतात आणि त्यांच्या सीमा कुणी, कुठल्या लिपीवर ठरवल्या ते आपल्याला सांगितलेलं नसतं. जुना दाखला, इच्छापत्र, औषधाची चिठ्ठी असं काही असेल, तर त्या ॲपबरोबर साध्या कॅमेऱ्यानंही एक फोटो काढून ठेवा. कागद पिवळा दिसेल, सावली पडेल, चालेल. चिठ्ठीवर २.५ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, आणि मधला ठिपका टिंबाहून मोठा नसतो.

वाटणीपत्राचा मजकूर दुरुस्त होऊन वकिलांकडे गेला. नवी स्वच्छ प्रत घेऊन मी आत्याकडे गेलो. ती चष्मा लावून, मूळ कागद शेजारी ठेवून, एकेक ओळ बोटानं बघत होती. टिंबं सगळी जागच्या जागी. मला वाटलं, सुटलो. ती शेवटच्या पानावर गेली, जिथं विहिरीच्या दुरुस्तीचा खर्च कुणी किती द्यायचा ते लिहिलं आहे. कागद १९५६चा. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ला. त्यामुळं सगळा हिशेब रुपये-आण्यांत.

“रुपये आहेत,” आत्या म्हणाली, “पण पुढच्या रेघा गेल्या रे. पाव रुपयाला उभी रेघ असायची, आण्याला आडवी. इथं बघ, उभी आहे, आडव्या नाहीत.”

त्या आडव्या रेघा टाकाच्या एका निसटत्या फटकाऱ्याएवढ्या. गोल नाहीत, त्यांच्याखाली अक्षर नाही, आणि आकड्यांना शिरोरेषा नसतेच. माझ्या ठिपक्यांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हटलं आणि कचऱ्यात गेले. तो तुकडा मूळचित्रातून कापून ‘आत्या-२’ या नावानं तपासणीत घातला आहे. मध्यंतरी या प्रोग्रॅमला बरेच दिवस हात लागला नव्हता, आता पुन्हा घेतलाय. गेल्या रविवारपर्यंत तरी पट्टी लालच आहे.